ज्याचा हात रुळाला

परवा आमच्या गल्लीतून निवडणुकीची मोटार गेली. टपावर भोंगा होता, आणि भोंग्यातून एका उमेदवाराच्या सुनेचं नाव घेऊन काहीतरी सांगितलं जात होतं. मागून पोरं हसत धावत होती. मी उठून दार लावून घेतलं. बायको म्हणाली, "भ्यालात की काय?" मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? फक्त मी भोंग्याला भ्यालो नव्हतो. मला महादूआबा आठवला होता.

महादूआबाबद्दल लोणावळ्यात पुष्कळ गोष्टी सांगतात. त्यातल्या बऱ्याच खोट्या आहेत. मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो आणि ऐकलं ते ऐकलं म्हणून. नगरपालिकेत कारकुनी करून ही एक सवय लागली आहे, आणि या माणसाच्या बाबतीत ती सोडून चालणार नाही.

आमची गल्ली गावाच्या खंडाळ्याकडच्या टोकाला. एका बाजूला घरं, घरांच्या परसामागे रेल्वेची लाइन, लाइनीपलीकडे गँगमनांच्या खोल्या. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना आणि त्याला लागून त्यांचं राहतं घर. पुढे चार घरं सोडून आमचं. आमच्या परसात उभं राहिलं की समोर, रुळांच्या पलीकडे, महादूआबाची खोली दिसे. तो मूळचा वलवणचा. रेल्वेच्या गँगमध्ये त्याचा जन्म गेला. बुटका, टकला, छातीने रुंद. बाजारपेठेतून चालतानाही तो ठरावीक आखूड पावलं टाकी, जसा काही रुळांखालच्या स्लीपरवरून चालतोय.

त्याचा आवाज मोठा होता असं सगळे म्हणतात. ते बरोबर नाही. जवळून तो आवाज मोठा वाटत नसे. तो लांब जाई. पावसाच्या सरीतून, धुक्यातून, मालगाडीच्या खडखडाटातून तो आरपार निघे, आणि अर्ध्या मैलावरच्या माणसाला वाटे की कुणी खांद्यामागे उभं राहून बोलतंय. घरात मात्र तो कुजबुजल्यासारखा बोले. त्याची बायको सरूमावशी म्हणे, "हळू बोला, न्हाईतर मेल थांबंल."

या आवाजाचं गँगमध्ये काम होतं. रूळ उचलायचा म्हणजे वीस-बावीस माणसांनी एकाच क्षणी जोर लावला पाहिजे. तो क्षण महादूआबा ठरवी. तो बोल सांगे, बाकीचे झील धरत, आणि बोल म्हणजे देवाचं नाव नव्हे. बोल म्हणजे गँगमधल्याच एखाद्याची टिंगल. आमच्या परसातून मी ती कितीदा ऐकली आहे.

"गनपाचं पागोटं..."

"हैय्या!"

"वाऱ्यानं गेलं..."

"हैय्या!"

"कुनी रं न्हेलं?"

आता उत्तर गणपानेच द्यायचं. गणपा ओरडे, "आबाच्या टकलावर बसलं!" आणि त्या शेवटच्या शब्दावर सगळ्यांचे हात एकदम वर येत. रूळ उठे. हसणं नंतर.

मी एकदा त्याला म्हणालो, "आबा, एवढी थट्टा करता, कुणी रागावत नाही?"

"का रागावंल? त्येला उत्तर द्याया मिळतंय की." मग हाताचा पंजा दाखवून म्हणाला, "पर एक हाय, भाऊ. ज्याचा हात रुळाला, त्येचंच नाव तोंडात. जो हजर न्हाई त्येचं नाव न्हाई घ्यायचं. त्यो उत्तर कसा देनार? उत्तर न्हाई आलं की ताल चुकतो, आन ताल चुकला की कुनाचं तरी बोट जातं."

त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ते कसं गेलं हे मी गणपाकडून ऐकलं. कामशेतकडून एक नवीन गडी आला होता. आबाने रीतीप्रमाणे त्याच्यावर बोल टाकला, घरची काही गंमत जोडून. त्या गड्याच्या घरी आठवड्यापूर्वीच कुणी वारलेलं होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. तो गप्प राहिला. निम्म्यांनी जोर लावला, निम्मे उत्तराची वाट पाहत थांबले. रूळ आडवा फिरून खाली आला. गणपा म्हणतो की आबाने बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या गड्यापुढे जाऊन म्हणाला, "चुकी माजी." तेव्हापासून बोल टाकण्याआधी तो प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा बघून घेई. हे बघणं मी पाहिलेलं आहे.

असा हा माणूस. आणि याच माणसाच्या आवाजाने आमच्या गल्लीत अशी भीती आली की अजून ती पुरती गेलेली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पालिकेची निवडणूक ऐन पावसाळ्यात आली. आमच्या भागातून दोघे उभे. एक बापूशेठ, आधीपासूनचे सभासद, बांधकामाची कंत्राटं घेणारे. दुसरे आमचे डॉक्टर. डॉक्टरांची पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली होती. मागे एक मुलगी, शकू, तेव्हा पाच वर्षांची. तिला सांभाळायला डॉक्टरांची मेहुणी, इंदूताई, तळेगावहून येऊन राहिली होती. वय पंचविशीच्या आसपास. दुपारी ती गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवी. आमची मोठी तिच्याकडे जात असे. डॉक्टर दवाखान्यातल्या बाकावर झोपत आणि घर मावशी-भाचीला सोडलेलं होतं. हे मला माहीत आहे, कारण पहाटे पाण्याला उठलं की दवाखान्याच्या खिडकीतून ते मला घोंगडीत गुंडाळलेले दिसत.

महादूआबाला हवा होता नळ. गँगच्या खोल्यांकडे पाणी नव्हतं. त्यांच्या बायका रूळ ओलांडून आमच्या बाजूच्या नळावर येत. आदल्या पावसाळ्यात गणपाची बायको डोक्यावर हंडा घेऊन परत जात असताना धुक्यातून इंजिन आलं. तिला उचलून आणलं ते महादूआबाने. त्यानंतर तो दोन्ही उमेदवारांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "आबा, गरज मला पटते. पण खर्चाचा अंदाज पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही." बापूशेठ म्हणाले, "दिला."

आणि नळ पुढे आला, हेही इथेच लिहून ठेवतो. दुसऱ्या उन्हाळ्यात आला. त्या कामाचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. बापूशेठनी शब्द पाळला, हे नाकारता येणार नाही.

मोबदल्यात त्यांना आवाज हवा होता. तो मागायला त्यांचा माणूस आला, दाजी. कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहायचा त्याचा धंदा. पावसाने लाइनीपलीकडे चिखल झालेला, म्हणून दाजीने आबाला आमच्या ओट्यावर बोलावलं. मी आत जेवत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"आबा, तुम्ही रुळावर म्हणता तसंच म्हणायचं. दोन ओळी. झील धरायला माझी माणसं आहेत."

"काय म्हनायचं?"

दाजीने सांगितलं. आबाने मान हलवली.

"न्हाई बा," तो म्हणाला. "घरातलं कशाला? डाक्तर औशिदात पानी घालतो म्हना. फी लय घेतो म्हना."

"घेत नाही ना पण! लोक हसतील आपल्याला." दाजी खेळीमेळीने बोलत होता. "आणि शिमग्यात गावाच्या नावानं बोंबलता तेव्हा नाही वाटत काही? आबा, तुमचा कायदा काय? ज्याचा हात रुळाला त्याचं नाव. मग डॉक्टरांनी उमेदवारीचा अर्ज भरलाय. हात रुळाला आला की नाही? त्यांनी द्यावं उत्तर. त्यांना कुणी तोंड बांधलंय?"

हा कायदा दाजीला कुणी सांगितला, मला ठाऊक नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होता.

"उत्तर देतील म्हनता?"

"शिकलेला माणूस आहे. तुमच्यापेक्षा सरस देतील."

"व्हय," आबा सावकाश म्हणाला. "मंग जमंल."

पहिली सभा बाजारपेठेच्या चौकात झाली. मी पालिकेचा नोकर, मला सभेला जाण्याची मनाई. पण भाजी आणायची मनाई नव्हती. बापूशेठ बोलले ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग बाकावर महादूआबा उभा राहिला. त्याने लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. गर्दी फार होती, सगळ्यांकडे पाहणं शक्यच नव्हतं.

"डाक्तराच्या घरात दिवं किती?"

दाजीची माणसं म्हणाली, "एक!"

"भितीवं सावल्या किती?"

"दोन!"

एवढंच. पहिल्या वेळेला लोक गोंधळले. दुसऱ्या वेळेला हसू फुटलं. तिसऱ्या वेळेला अख्ख्या चौकाने "दोन!" म्हटलं आणि समोरच्या वाण्याच्या दुकानातल्या बरण्यांची झाकणं किणकिणली. माझ्या शेजारी एक म्हातारा हमाल उभा होता, डॉक्टरांनी महिनाभर फुकट औषध दिलेला. तोही हात वर करून "दोन!" म्हणाला. मी भाजी न घेता घरी आलो.

त्यात कुणावर काहीच आरोप नव्हता. बाईचं तर नावही नव्हतं. फिर्याद करायची तर कशाची करणार? एका घरात एक दिवा असतो आणि दोन माणसांच्या दोन सावल्या पडतात. हिशेब बरोबर आहे. म्हणूनच मला धडकी भरली. खोट्या आकड्याला खोडता येतं.

आणखी एक सांगतो. मत होतं ते घरपट्टी भरणाऱ्यांना, म्हणजे गावातल्या थोड्यांना. ओरडत होते त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. त्यांना निवडणुकीचं काही नव्हतं. त्यांना उत्तर पाठ झालं होतं आणि ते म्हणायला मिळत होतं.

चार-पाच दिवसांत ते गल्लीत आलं. शाळेतून येणारी पोरं डॉक्टरांच्या दारापुढून जाताना अर्धी म्हणत "दिवं किती?" आणि अर्धी उत्तर देत. शिवणाच्या मुली एकेक करून बंद झाल्या. एका सकाळी डॉक्टरांच्या दारावर कोळशाने ओढलेल्या दोन उभ्या रेघा दिसल्या. डॉक्टरांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा होत्या, जाड.

माझी बायको मागच्या दाराने इंदूताईकडे जाई. ती सांगे ते असं: इंदूताईने संध्याकाळी दिवा लावणं सोडलं होतं. शकू अंधाराला रडे, तेव्हा ती तिला चुलीपुढे घेऊन बसे. बायकोने म्हटलं, "अहो, लावा दिवा. कुणाला भ्यायचं?" तर ती म्हणाली, "वहिनी, दिवा लागला की बाहेर कुणीतरी मोजायला उभं असतं." ते खोटं नव्हतं. मी पाहिलं आहे. पलीकडच्या कुंपणाशी तिघे-चौघे इरली पांघरून उभे असत, आणि खिडकी अंधारी राहिली की त्यांतला एक म्हणे, "बघा. आता तर दिवा बी न्हाई लावत."

मला भीती कशाची वाटत होती ते स्पष्ट सांगतो. आमच्या मागे अर्ध्या कोसावर दरी आहे. दुसऱ्या बाजूला वलवणचं धरण. बायको म्हणाली, "ती बोलताना माझ्याकडे बघत नाही हो." त्यानंतर मला झोप धड लागली नाही.

महादूआबालाही लागत नसावी. तो उत्तराची वाट पाहत होता. रोज पहाटे तो परसातून मला विचारी, "भाऊ, डाक्तर काय बोललं का?" मी नाही म्हणे. "काल सभा झाली की त्येंची. काय बोललं?" मी सांगे, गटारांबद्दल बोलले, मलेरियाबद्दल बोलले. आबाचा चेहरा उतरे. डॉक्टरांनी ठरवलं होतं की असल्या गोष्टीला उत्तर देणं म्हणजे तिला मान देणं. शिकलेल्या माणसांत हे शहाणपणाचं धरतात. पण आबाच्या आयुष्यात गप्प राहणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होता, आणि तो त्याच्या हातावर दिसत होता.

शेवटी तो दवाखान्यात गेला. मी मुलाचं औषध घ्यायला तिथे बसलो होतो. आबा दारातच उभा राहिला, डोक्यावरचं इरलं काढलं, आणि त्याच्या त्या घरातल्या बारीक आवाजात म्हणाला, "डाक्तर, कायतरी बोला."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "काय होतंय?"

"मला न्हाई काय होत. माज्यावर बोला. माजं टक्कल हाय, माजं बोट तुटकं हाय, मी दारू बी पितो कवाकवा. भर चौकात माज्या नावानं ओरडा. मंग लोक हसत्याल, आन सुटंल समदं."

"मी त्या पातळीवर उतरणार नाही, आबा."

"उतरू नका. हितनंच वरडा."

मला त्या वेळी हसू आलं होतं, आणि लगेच त्याची लाज वाटली. डॉक्टर उठले. "तुम्ही जे बोललात ते परत घ्या. जाहीर सभेत. उत्तर मी का देऊ?"

आबाने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताईचा हात रुळाला न्हवता." प्रश्नासारखं म्हणाला, पण प्रश्न नव्हता.

आतल्या दारामागे बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. आबाने तो ऐकला. इरलं उचलायचं विसरून तो पावसात तसाच निघून गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी बापूशेठची शेवटची सभा. तिथे जे झालं ते मी चौकाच्या कोपऱ्यावरून पाहिलं. दाजीने आबाला बाकावर चढवलं. आबाने सुरुवात केली तीच.

"डाक्तराच्या घरात दिवं किती?"

"एक!"

"भितीवं सावल्या किती?" आणि लोकांनी तोंड उघडायच्या आत तो स्वतःच ओरडला, "एक! येकच!"

"दोन!" चौक म्हणाला.

"न्हाई! येक! मी खोटं बोललो! मावशी हाय ती लेकराची!"

"दोन!"

"ऐका माजं!"

लोकांना वाटलं ही नवीन गंमत आहे. आबा "येक" म्हणणार आणि आपण त्याला "दोन" म्हणून हरवणार. ते खूश होते. तो जितका कळवळून ओरडे, तितका पुढचा "दोन!" जोराचा येई. शेवटी शेवटी तर त्याचा प्रश्न येण्याआधीच उत्तर येऊ लागलं. वीस माणसांना एका शब्दावर हलवणारा तो माणूस, बाकावर उभा राहून दोन्ही हात खाली खाली करत होता, जड वस्तू हळू ठेवायला सांगावं तसा, आणि कुणी ठेवत नव्हतं. दाजीने त्याला ओढून खाली उतरवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं भय मी आधी एकदाच पाहिलं होतं, गणपाच्या बायकोला आणलं त्या दिवशी.

मतमोजणीला मी होतो. डॉक्टर थोड्या मतांनी पडले. या बोलाशिवाय निवडून आले असते का? मला सांगता येत नाही. आकड्यांत ते दिसत नाही.

निकाल दुपारी लागला. मिरवणूक बाजारपेठेतून निघाली, स्टेशनपर्यंत गेली आणि तिथून आमच्या गल्लीकडे वळणार होती. ताशा लांबून ऐकू येत होता. धुकं इतकं खाली आलं होतं की आमच्या ओट्यावरून समोरचा रस्ता दिसत नव्हता. मी घरी पोचतो तोच बायको धावत आली. इंदूताई शकूला घेऊन परसातून लाइनीकडे गेली होती. हातात बोचकं होतं. बायकोने हाक मारली तर म्हणाली, "स्टेशनात जायला नको, तिथे ते आहेत. खंडाळ्याला जाऊन गाडी धरते."

खंडाळ्याला जायचं तर रुळांच्या कडेने जायचं. थोडं पुढे एक पायवाट फुटते, ती सरळ दरीच्या कडेला जाते. उजेडात चुकत नाही. धुक्यात माहितगारसुद्धा चुकतो.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते, मी आणि गँगचे सात-आठ जण निघालो. पायवाटेच्या फाट्याजवळ चिखलात लहान पाऊल उमटलेलं गणपाने पाहिलं, दरीच्या बाजूला. हाका मारायला लागलो. आमचे आवाज धुक्यात कापसात टाकल्यासारखे विरत होते. गणपा म्हणाला, "आबाला आना. त्येचाच जाईल."

आबा आला. काही विचारलं नाही. तोंडाशी हात धरून त्याने हाक दिली, "इंदूताई ओऽ! फिराऽ माघारीऽ!"

ती हाक गेली. ती कुठवर गेली ते आम्हाला कळलं, कारण पलीकडून मुलीचं रडणं ऐकू आलं. डॉक्टर रडायलाच लागले. "आहेत, आहेत! पुन्हा मारा!"

आबाने पुन्हा मारली. रडणं पुन्हा ऐकू आलं, पण या वेळी बारीक. तिसऱ्या हाकेनंतर अजून बारीक, आणि खालून आल्यासारखं. मी आबाकडे पाहिलं. त्याने चौथ्या हाकेसाठी श्वास भरलेला होता. तो तसाच थांबला. तोंड उघडं, छाती वर आलेली. मग त्याने तो श्वास आवाज न करता सोडला.

"ती लांब जातीया," तो कुजबुजला. "माज्या आवाजापासनं."

धुक्यात, एकट्या बाईला, मागून तोच आवाज तिचं नाव घेऊन बोलावत होता. ती कशी थांबणार होती?

"समदे गप बसा," तो म्हणाला. "कुनी हाक मारू नगा. डाक्तर, तुमी हितंच थांबा, फाट्यावं. भाऊ, तुमी चला."

तो मला रुळालगतच्या गँगच्या खोपटाकडे घेऊन गेला. खोपटाबाहेर माणसं गोळा करण्यासाठी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. आबाने घण उचलला आणि त्याच्यावर ठोका दिला. मग दुसरा. एकसारखे, सावकाश, घड्याळाच्या टोल्यांसारखे. तो तोंड घट्ट मिटून ठोके देत होता. मधेच थांबून ऐके. काही ऐकू येत नसे. पुन्हा देई. ताशा जवळ येत होता आणि मला वाटत होतं, मिरवणूक आधी पोचली तर संपलं. मी किती वेळ तिथे उभा होतो ते सांगता येणार नाही. घड्याळ खिशात होतं, पण बघायचं धैर्य झालं नाही.

मग गवतात खसखस झाली. धुक्यातून बाईचा आवाज आला, थकलेला, अगदी जवळून.

"कोण आहे तिकडे? खोपटाशी कोण आहे?"

आबाने घण खाली ठेवला, आवाज होणार नाही असा. माझ्याकडे पाहून मान हलवली, बोला म्हणून.

"मी आहे, ताई," मी म्हणालो. "शेजारचा. या, सरळ या. समोर रूळ आहेत, गाडी नाहीये."

"आणखी कोण आहे?"

मी वळून पाहिलं. आबा खोपटापासून मागे सरकत होता. खडीवरून चालतानाही त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता. उताराच्या कडेला जाऊन तो पाठमोरा उभा राहिला. घोंगडीचा बोळा करून त्याने तोंडावर दाबून धरला होता. पावसात भिजल्याने त्याला खोकला येत होता, आणि तो खोकला तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"कुणी नाही," मी म्हणालो.

ती आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, शकू कडेवर. मी शकूला घेतलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"ते कोण?" तिने विचारलं.

इंदूताई थांबली. तिनेही वळून पाहिलं. तोवर धुकं मधे आलं होतं, आणि तिथे कुणीतरी उभं आहे एवढंच दिसत होतं, कोण ते नाही.